पाइपातले शिंपले आणि झाडपाल्याचा उतारा

मागच्या अंकात मी झेब्रा आणि क्वाग्गा या दोन आक्रमक शिंपल्यांवर लिहिलं होतं. काळा समुद्र आणि कॅस्पियन समुद्राच्या भोवतालच्या पाण्यातले हे नखाएवढे जीव जहाजाचा तोल राखायला त्याच्या पोटात भरतात त्या बॅलास्ट पाण्यातून उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांत पोहोचले. १९८८ मध्ये सेंट क्लेअर सरोवरात झेब्रा सापडला, पुढच्याच वर्षी ईरी सरोवरात क्वाग्गा. तेव्हापासून पाण्याचे पाइप, वीजकेंद्रांच्या नळ्या, बोटींचे तळ, जिथे टणक पृष्ठभाग मिळेल तिथे त्यांचे थरावर थर चढत गेले. लेखावर पुष्कळ पत्रं आली आणि बहुतेकांचा सूर एकच होता: रसायनं कशाला, झाडपाल्यातलं काही नाही का? गोड्या पाण्यातल्या मृदुकाय प्राण्यांवर, म्हणजे शिंपले-गोगलगायींसारख्या मऊ अंगाच्या जीवांवर, विषांचा काय परिणाम होतो, हे तपासण्यात माझी नोकरीची बहुतेक वर्षं गेली. त्यामुळे या प्रश्नानं मला आनंद होतो आणि धास्तीही वाटते. दोन्हींची कारणं पुढे येतील.

प्रश्न : मी जलशुद्धीकरण केंद्रात अभियंता आहे. क्लोरीन स्वस्त आहे, हाताशी आहे, शिंपलेही मारतं. मग वनस्पतिजन्य द्रव्यांचा खटाटोप कशासाठी?

उत्तर : क्लोरीन मारतं हे खरं, पण कसं मारतं ते पाहा. पाण्यात क्लोरीन आलं की शिंपल्याला त्याची चाहूल लागते आणि तो कवच घट्ट मिटून घेतो. आतल्या आत तो कित्येक दिवस तग धरतो. म्हणून पूर्ण वाढलेल्या शिंपल्यांसाठी क्लोरीनचा मारा सलग दोन-तीन आठवडे चालू ठेवावा लागतो. मध्ये खंड पडला की ते कवच उघडून ताजं पाणी ओढतात आणि पुन्हा मिटतात. एवढ्या काळात क्लोरीनची पाण्यातल्या सेंद्रिय अंशाशी गाठ पडते आणि ट्रायहॅलोमिथेनसारखी संयुगं तयार होतात. पिण्याच्या पाण्यात त्यांच्यावर मर्यादा घातलेल्या आहेत, कारण ती वर्षानुवर्षं पोटात गेली तर कर्करोगाचा धोका संभवतो. हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल.

दुसरा जुना उपाय तांब्याचा. तांबं मूलद्रव्यच असल्यामुळे त्याचं विघटन होत नाही. ते गाळात साचत राहतं. तिसरा उपाय समुद्रात वापरला गेला आणि त्याचा इतिहास मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते. जहाजांच्या तळाला शिंपले-शेवाळ धरू नये म्हणून रंगात ट्रायब्युटिल टिन हे कथिलाचं विषारी संयुग मिसळत. रंग उत्तम चालला. पण बंदरांच्या आसपास समुद्री शंखांच्या माद्यांना नराची इंद्रियं फुटू लागली, कालवांची कवचं वेडीवाकडी वाढू लागली. २००८ पासून जहाजांवर असा रंग ठेवायला जगभर बंदी आहे, तरी बंदरांच्या गाळातून ते द्रव्य अजून गेलेलं नाही.

आपल्याला हवं ते असं: पाइपात आपलं काम करेल आणि पाणी नदीला मिळेपर्यंत मोडून जाईल. वनस्पतींच्या बऱ्याच संयुगांना जिवाणू सहज खातात. वनस्पतींकडे वळण्याचं माझं मुख्य कारण हे आहे. ती ‘नैसर्गिक’ आहेत, हे कारण नाही. रोटेनोन हेही वनस्पतीच्या मुळांतून येतं आणि ते माशांचं जालीम विष आहे.

प्रश्न : असं एखादं झाड खरोखर सापडलं आहे का? कुणी आणि कसं शोधलं?
— विज्ञानाची शिक्षिका

उत्तर : सापडलं आहे, आणि हे मला सविस्तर सांगू द्या.

इथिओपियात एन्डोड नावाचं एक वेलीसारखं झुडूप आहे. शास्त्रीय नाव फायटोलॅका डोडेकॅन्ड्रा. त्याच्या फळांची पूड पाण्यात घोळली की भरपूर फेस येतो. तिथल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या तिच्यानं कपडे धूत आल्या आहेत. १९६४ मध्ये अक्लीलू लेम्मा हे तरुण इथिओपियन शास्त्रज्ञ उत्तरेकडच्या अड्वा गावात बिलहार्झिया या कृमींमुळे होणाऱ्या रोगाचा अभ्यास करत होते. या रोगाच्या कृमींना वाढायला गोड्या पाण्यातल्या गोगलगायी लागतात, म्हणून ते ओढ्यातल्या गोगलगायी पाहत फिरत होते. बायका कपडे धूत होत्या तिथून खालच्या बाजूला त्यांना मेलेल्या गोगलगायी आढळल्या. वरच्या बाजूला जिवंत होत्या. हा फरक एन्डोडच्या फेसाचा होता.

फळांमधलं क्रियाशील द्रव्य सॅपोनिन या साबणासारख्या फेसाळ संयुगांच्या गटातलं निघालं. त्याला लेम्मांच्या नावावरून लेम्माटॉक्सिन म्हणतात. लेम्मा आणि त्यांचे सहकारी लेगेसे वोल्डे-योहान्नेस यांना १९८९ मध्ये राइट लाइव्हलिहूड पुरस्कार मिळाला. पुढे लेम्मा अमेरिकेतल्या टोलीडो विद्यापीठात गेले. टोलीडो ईरी सरोवराच्या काठी आहे आणि त्या सुमाराला ईरीत झेब्रा शिंपल्यांनी उच्छाद मांडला होता. १९८९ मध्ये त्याच काठावरच्या मन्रो शहराचा पाणीपुरवठा शिंपल्यांनी तुंबलेल्या पाइपामुळे ठप्प झाला होता. गोगलगाय आणि शिंपला दोघेही मृदुकाय, तेव्हा एन्डोड शिंपल्यांवर टाकून पाहावं असं ठरलं. शिंपले मेले. चिकटलेले शिंपले सुटूही लागले.

विद्यापीठानं या वापराचं पेटंट घेतलं, शोधकांत लेम्मांचंही नाव होतं, तरी मोठा वाद झाला. इथिओपियातल्या बायकांना फळाचा गुण पिढ्यांपासून माहीत, शेतकऱ्यांनी झुडूप जपलेलं, आणि हक्क अमेरिकेत नोंदलेला. माझं मत विचाराल तर वाद रास्तच होता. प्रयोगशाळेत बसून आम्ही जे मोजतो, त्यातलं पुष्कळसं आधी कुणाच्या तरी हाताला माहीत असतं. त्या हातांचा वाटा करारात लिहिला गेला पाहिजे.

एन्डोडची आणखी एक गंमत सांगायलाच हवी. अख्ख्या फळात हे सॅपोनिन निष्क्रिय असतं, कारण त्याच्या रेणूला दोन जागी साखरेच्या साखळ्या जोडलेल्या असतात. फळ पाण्यात कुटलं की फळातलंच एक विकर (एन्झाइम) त्यातली एक साखळी तोडतं आणि विष जागं होतं. तेच फळ अल्कोहोलमध्ये काढलं तर विकर चालत नाही आणि अर्क जवळजवळ निरुपद्रवी निघतो. म्हणजे बायकांची पाण्यात घोळायची रीत नेमकी तीच होती, ज्यानं द्रव्य क्रियाशील होतं. एखादा वनस्पतिअर्क ‘चालत नाही’ असं वाचलं की तो कशात काढला होता, हे मी आधी बघते.

प्रश्न : सॅपोनिन तर रिठ्यातही असतं. मग रिठ्याच्या पाण्यानं शिंपले मरतील का? आणि माशांचं काय?

उत्तर : मृदुकाय प्राण्यांवर रिठ्याच्या सॅपोनिनांचा विषारी परिणाम होतो, गोगलगायींवर तो तपासला गेला आहे. सॅपोनिनच्या रेणूचं एक टोक पाण्यात रमतं, दुसरं स्निग्ध पदार्थात. फेस त्यामुळेच येतो. पेशीच्या आवरणात कोलेस्टेरॉल असतं. सॅपोनिन त्याला जाऊन धरतं आणि आवरणाला भोकं पडतात. शिंपल्याचे कल्ले अत्यंत नाजूक, त्यांच्यावरूनच पाणी सतत वाहतं, त्यामुळे पहिला घाव तिथे बसतो.

आता माशांकडे या. त्यांचेही कल्ले तितकेच नाजूक आणि रक्तपेशींची आवरणंही तशीच. सॅपोनिन माशाच्या कल्ल्यातून रक्तात उतरलं की तांबड्या पेशी फुटतात. जगभर कितीतरी ठिकाणी लोक सॅपोनिन असलेल्या वनस्पती डोहात चेचून मासे पकडत आले, ते याच गुणावर. कोळंबीच्या तळ्यात नको असलेले मासे काढायला चहाच्या बियांची पेंड टाकतात. मासे मरतात, कोळंबीवर तिचा परिणाम फारच कमी होतो. म्हणजे सॅपोनिन निवड करतं, पण ती आपल्या सोयीची निवड नसते. शिंपल्यासाठी काढलेल्या मात्रेत मासा वाचेलच असं समजून चालू नका. रिठ्याचं पाणी कुठल्याही वाहत्या वा साठलेल्या नैसर्गिक पाण्यात ओतू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न : कडुनिंब सगळ्या किडींवर चालतो. शिंपल्यांवर का वापरत नाहीत?

उत्तर : कडुनिंबातलं अझाडिरॅक्टिन मुख्यतः कीटकांची कात टाकण्याची आणि वाढीची संप्रेरकं बिघडवतं. शिंपला कात टाकतच नाही. त्याचं कवच कडेकडेनं वाढत जातं. कीटकनाशक म्हणून असलेला लौकिक इथे कामाचा नाही.

प्रश्न : माशांना त्रास होणार नाही अशा बेतानं अर्क संपूर्ण सरोवरात टाकला तर? एकदाच काय तो निकाल लागेल.
— बोटिंग क्लबचा सदस्य

उत्तर : मला धास्ती वाटते ती या प्रश्नाची, आणि तो मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो. आधी साधा हिशोब करू. १ चौरस किलोमीटरचं, सरासरी १० मीटर खोल सरोवर घ्या. त्यात १ कोटी घनमीटर पाणी आहे. लिटरला फक्त १ मिलिग्रॅम द्रव्य पोहोचवायचं तर १० टन शुद्ध द्रव्य लागेल. अर्क लिटरला २० मिलिग्रॅम लागणारा असेल तर २०० टन. एवढं पीक कुठे घ्यायचं, कुठली जमीन त्यासाठी मोकळी करायची? महासरोवरांचं तर नावच काढायला नको.

समजा तेवढा अर्क मिळाला. तो स्वतः सेंद्रिय आहे. त्याला खाताना जिवाणू पाण्यातला प्राणवायू वापरतात. त्यात मेलेले शिंपले सडायला लागतात. मेलेल्या शिंपल्यांचं एखादं भांडं दोन दिवस विसरलं तरी अख्ख्या मजल्यावर वास पसरतो. सरोवराच्या तळाशी त्यांचे थर सडले तर तळातला प्राणवायू संपून उरलेले जीव गुदमरतील.

आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे त्या पाण्यातले मूळचे शिंपले. एकट्या उत्तर अमेरिकेत गोड्या पाण्यातल्या स्थानिक शिंपल्यांच्या सुमारे ३०० जाती आहेत आणि त्यांपैकी बहुतेक संकटात आहेत. झेब्रा शिंपले त्यांच्या कवचावर डझनांनी चढून बसतात आणि त्यांचं अन्न पळवतात. त्यांना वाचवायचं म्हणून तर हा सगळा खटाटोप. दोघांचे कल्ले सारखे, पाणी गाळून खाण्याची पद्धत सारखी. सॅपोनिनला त्यांच्यात फरक कळणार नाही. त्यातही एक डाव उलटा पडतो. स्थानिक शिंपल्यांची पिल्लं सुरुवातीला माशांच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून वाढतात. झेब्राची अळी मात्र मोकळी तरंगते, तिला मासा लागत नाही. मासे मेले तर स्थानिक शिंपल्यांची पुढची पिढीही जाते, आणि बाहेरून पुन्हा आलेल्या झेब्राला रान मोकळं मिळतं. एक मादी वर्षाला लाखांनी अंडी सोडते.

संपूर्ण जलाशय स्वच्छ केल्याचं उदाहरण हवं असेल तर व्हर्जिनियातली मिलब्रूक खाण बघा. २००६ मध्ये तिथे पोटॅशियम क्लोराइड टाकून झेब्रा शिंपले संपवले. पण ती सुमारे १२ एकरांची पाणी भरलेली दगडखाण होती, वाहत्या नदीला न जोडलेली. सरोवराला ती सोय नसते.

माझं ठाम मत असं: वनस्पतिजन्य विषाची जागा बंद पाइपात आहे, जिथे मात्रा मोजता येते, पाणी बाहेर पडण्याआधी अडवता येतं आणि द्रव्य मोडलं की नाही ते तपासता येतं. तिथेही आकडे लहान नसतात. सेकंदाला १ घनमीटर पाणी नेणाऱ्या पाइपात लिटरला १० मिलिग्रॅम ठेवायचं तर दिवसाला ८६४ किलो द्रव्य लागतं. म्हणून सतत सोडण्याऐवजी अळ्या पाण्यात असतात त्या मोसमात मात्रा देण्याकडे कल असतो. अळीचं कवच नाजूक असतं, ती मोठ्यांपेक्षा कमी मात्रेत मरते आणि अजून कशालाही चिकटलेली नसते.

प्रश्न : मारल्याशिवाय त्यांना रोखता येणार नाही का?
— रंगांच्या उद्योगात काम करणारा रसायनतज्ज्ञ

उत्तर : येईल. आणि माझी सगळ्यात जास्त आशा इथेच आहे.

शिंपला पायाजवळच्या ग्रंथीतून चिवट धागे सोडतो. धाग्याच्या टोकाला एक चकती असते आणि तिच्यात डोपा हे संयुग असलेली प्रथिनं असतात. पाण्याखाली, ओल्या दगडावर, लोखंडावर, प्लास्टिकवर ती घट्ट बसतात. मानवानं बनवलेले फारच थोडे गोंद हे करू शकतात. भिंगाखाली मी एका लहान शिंपल्याला पाय बाहेर काढून काच चाचपताना, जागा न आवडल्यास धागे तोडून पुढे सरकताना आणि मग दुसरीकडे नवे धागे रोवताना पाहिलं आहे. म्हणजे चिकटण्याआधी तो जागा पारखतो. त्याला जागा नापसंत करायला लावलं की काम झालं.

मिरचीतलं कॅप्सेसिन आणि त्याच्यासारख्या रचनेची संयुगं झेब्रा शिंपल्यांचं चिकटणं रोखतात, हे प्रयोगांत दिसलं आहे. टॅनिक आम्लाचाही असाच परिणाम नोंदला गेला आहे. ईलग्रास नावाच्या सागरी गवतात झोस्टेरिक आम्ल सापडतं. त्याचाही चिकटणाऱ्या जीवांविरुद्ध अभ्यास झाला आहे. अशी द्रव्यं सगळ्या पाण्यात मिसळावी लागत नाहीत. ती जाळीवर, पाइपाच्या तोंडाशी, बोटीच्या तळाला, पृष्ठभागापुरती असली की पुरतात. वर काढलेला टनांचा हिशोब इथे ग्रॅमांवर येतो.

अडचण तुमच्या क्षेत्रातली आहे, म्हणून तुमचं पत्र पाहून बरं वाटलं. द्रव्य रंगातून भराभर झिरपलं तर एका मोसमात संपतं. फारच घट्ट बांधलं तर शिंपल्याला जाणवतच नाही. वनस्पतिजन्य संयुगं उन्हानं आणि जिवाणूंनी लवकर मोडतात. पाण्यात जो त्यांचा गुण, तोच रंगाच्या थरात दोष होतो. त्यांना धरून ठेवणारा आणि हळूहळू सोडणारा थर कुणी बनवला तर शिंपल्यांवर त्याची चाचणी करायला माझ्यासारखे अनेक तयार आहेत.

आणखी एक वाट आहे, अन्नाच्या रूपात औषध देण्याची. केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी पोटॅशियम क्लोराइड स्निग्ध आवरणात बंद करून त्याचे शिंपला गिळेल एवढे बारीक कण बनवले. शिंपला ते अन्न समजून गाळून घेतो आणि कवच मिटत नाही. सूडोमोनास फ्लुओरेसेन्स या जिवाणूच्या एका वाणाच्या मेलेल्या पेशींपासून बनवलेलं झेक्वानॉक्स हे औषधही याच तत्त्वावर चालतं. अमेरिकेत त्याला मान्यता मिळालेली आहे. सॅपोनिन किंवा कॅप्सेसिन अशा कणांत भरलं तर लागणारी मात्रा खूप खाली यावी. पाणी गाळून खाणाऱ्या इतर जीवांचा प्रश्न तिथेही उरतोच, म्हणून हेही पाइपातच.

प्रश्न : घरच्या मत्स्यपात्रातून हे शिंपले पसरू शकतात का?

उत्तर : हो. मार्च २०२१ मध्ये अमेरिकेत मत्स्यपात्रांसाठी विकल्या जाणाऱ्या मॉस बॉल या हिरव्या शेवाळगोळ्यांत जिवंत झेब्रा शिंपले सापडले होते. मत्स्यपात्रातलं पाणी किंवा वनस्पती कधीही ओढ्यात-तळ्यात टाकू नका. संशयास्पद गोळे उकळत्या पाण्यात घालून मग कचऱ्यात टाकावेत. बोट किंवा जाळं एका पाण्यातून दुसऱ्यात नेताना पूर्ण निथळून कोरडं करावं. ६० अंश सेल्सिअसचं गरम पाणी फवारलं तर शिंपले काही सेकंदांत मरतात. इथे कोणताही अर्क लागत नाही.

प्रश्न : मी पदव्युत्तर वर्गात आहे. स्थानिक वनस्पतींचे अर्क शिंपल्यांवर तपासायचे आहेत. कुठून सुरुवात करू?

उत्तर : मरण कसं ओळखायचं, तिथून. मिटलेला शिंपला मेलेला नसतो. कवच उघडं पडलं आहे आणि काडीनं स्पर्श केला तरी मिटत नाही, तो मेला. बाकी सगळे अर्कातून काढून स्वच्छ पाण्यात ठेवा आणि दोन-तीन दिवस पाहा. त्यांतले काही उघडून पाणी ओढायला लागतील, तर काही उशिरा मरतील. हे न करता काढलेला मृत्युदर मी मान्य करत नाही.

अर्क अल्कोहोलमध्ये काढणार असाल तर तेवढंच नुसतं अल्कोहोल घातलेलं एक भांडं शेजारी ठेवा. तोच अर्क पाण्यातही काढून पाहा. एन्डोडची गोष्ट वर सांगितली आहेच. फळं कोणत्या महिन्यात तोडली, कच्ची होती की पिकलेली, हे लिहून ठेवा, कारण सॅपोनिनचं प्रमाण त्यानुसार बदलतं. पाण्याचं तापमान दररोज नोंदवा. कोमट पाण्यात शिंपला जास्त वेळ उघडा असतो आणि विष लवकर लागतं.

पहिल्याच आठवड्यापासून दुसऱ्या रांगेत डॅफ्निया हे गोड्या पाण्यातले बारीक कवचधारी जीव आणि लहान मासे ठेवा, त्याच मात्रेत. बहुतेक प्रबंधांत ही रांग शेवटच्या प्रकरणात येते आणि तोवर अर्काचं कौतुक करून झालेलं असतं. तुमच्या प्रांतात आक्रमक शिंपले नसतील तर प्रयोगासाठी ते कुठूनही मागवू नका. जिथे ते आधीच आहेत अशा प्रयोगशाळेला तुमचा अर्क पाठवा. पाठवताना कोरडी पूड पाठवा, कारण पाण्यातला अर्क वाटेतच मोडायला लागतो.